तळटिपेतलं नाव

सुमनताई भोंडवे चिंचवडच्या मुलींच्या शाळेत शिकवत आणि उरलेल्या वेळात एम.ए.चा प्रबंध लिहीत. विषय होता पवनाकाठच्या शेतांची, ओढ्यांची, माळांची नावं. मार्गदर्शक उद्धवराव फार शिस्तीचे. पुस्तकाचं नाव अधोरेखित हवं, लेखाचं अवतरणचिन्हांत, पुढे साल आणि पान. एखादा स्वल्पविराम चुकला तरी पान परत येई.

गाडं अडलं ते काही नावांपाशी. ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. सुमनताईंचे यजमान मोजणी खात्यात होते. ते थेरगावापासून निघोज्यापर्यंत पायी हिंडत आणि जेवताना सांगत, अमुक माळाला तसं का म्हणतात. तीन वर्षांमागे ते विषमज्वरानं गेले. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहिला, माळ कुंपणात गेले, शेतकरी पांगले. आता विचारायचं कुणाला?

"तुमचंच निरीक्षण म्हणून द्या," उद्धवराव म्हणाले. "बोलण्याला ना शीर्षक, ना पान. त्याचा आधार कसा देणार?"

"पण ते माझं नाही ना, सर."

घरी त्या तळटीप लिहायला बसल्या. अधोरेखित करावं असं काही नव्हतं. अवतरणात घालायला नेमके शब्दही आठवेनात. आठवत होता तो नुसता आवाज, घास तोंडात असताना बोलायची सवय. शेवटी त्यांनी लिहिलं : लक्ष्मणराव भोंडवे, प्रत्यक्ष संभाषण, चिंचवड, १९५२.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी पानावर बोट ठेवलं.

"हे गृहस्थ ठिकठिकाणी दिसतात. कोण हे? भेटतील?"

"नाही. वारले ते." सुमनताई म्हणाल्या. "माझे यजमान."

परीक्षकांचा आवाज मऊ झाला. "मग ऋणनिर्देशात घाला ना, बाई. तळटिपेत घरचं माणूस बरं दिसत नाही."

"ऋणनिर्देशात आभार मानतात, सर. ही माहिती आहे, आणि ती त्यांची आहे."

"त्यांची म्हणजे कुणाची? नीट नाव घेऊन सांगा."

लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. बाईमाणसानं नवऱ्याचं नाव घ्यायचंच नाही, हे अंगात मुरलेलं. कानाच्या पाळ्या तापल्या.

"लक्ष्मणराव भोंडवे यांची," त्या म्हणाल्या.

 उद्धवराव हळूच म्हणाले, "मोजणी खात्यातले होते, एवढं जोडलं तर चालेल."

परीक्षकांनी मान हलवली. तळटिपा राहिल्या. प्रबंध मंजूर झाला.

परतताना चिंचवड स्टेशनवर शाळेतली शिपाईण अंबूबाई भेटली. "झाली का परीक्षा, बाई?"

"झाले पास."

"बरं झालं बया," म्हणून ती भाजीची पाटी सावरत गाडीकडे पळाली.

सुमनताईंनी कुलूप काढलं, सकाळचा भात गरम केला आणि चुलीपाशीच जेवायला बसल्या. एवढ्या मोठ्या परीक्षकांच्या पायांत दोन रंगांचे मोजे होते. ते कुणाला तरी सांगून खूप हसावं, असं त्यांना फार वाटत होतं. त्यांनी ताटात थोडं ताक ओतलं आणि भात कालवला.