पडलेला तुरा

कळसच्या सरदारभाईंचा नवाब नावाचा कोंबडा शेजारच्या आप्पासाहेबांच्या कोंबड्याकडून सपाटून मार खाऊन आला, त्याच दिवशी त्यांची लेक झोयाही इंदापुरातून तोंड पाडून परतली. इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा होती, नमुन्याचा तास घ्यायचा होता, आणि फळ्यापुढं उभं राहताच तिची बोबडी वळली. सोमवारी बारामतीजवळच्या एका निवासी शाळेत असाच तास होता. "मी न्हाय जाणार," म्हणून ती भिंतीकडं तोंड करून पडली.

सरदारभाईंनी नवाबला डालग्याखाली झाकलं, मूठभर ज्वारी टाकली. त्यांची बायको जमीला लेकीला शेळगावला नात्यातल्या एका साखरपुड्याला न्यायला निघाली, तसे ते आडवे आले.

"ऱ्हाऊ दे तिला घरात. हरलेला कोंबडा लगीच चारचौघांत सोडत न्हाईत. बाकीचे टोचून बेजार करत्यात."

"मला कोंबडा म्हणता व्हय!" झोया ताडकन उठून बसली. मग तिलाच हसू आलं. "अब्बा, इंग्रजीत शब्दच हाय तसा. क्रेस्टफॉलन. म्हंजे तुरा पडलेला. हरलेल्या कोंबड्याचा तुरा लोंबतो म्हणून हिरमुसल्या माणसालाबी तेच म्हणाय लागले."

"म्हंजे गोऱ्यांच्यातबी कोंबड्यांच्या मारामाऱ्या हायतच! मग तुरा उभा कसा करायचा, ते सांगितलंय का?"

"न्हाय."

"आधी घरच्या कोंबड्यांत सोडायचा, मग गल्लीत. चल, हाच शब्द शिकीव आमाला."

अंगणात वर्ग भरला. साखरपुडा सोडून जमीला नव्या साडीत पोत्यावर बसली. झोया सुरुवातीला अडखळली, पण सरदारभाईंनी असे काही येडे प्रश्न विचारले की शेवटी ती खेकसली, "गप बसा! मागं जाऊन बसा!" बापाला भरून आलं. मागं जाता जाता त्यांनी नवाबलाही मोकळं केलं.

सोमवारी दुपारी बारामतीहून फोन आला. "अब्बा, निवड झाली! उद्यापासनंच या म्हणत्यात. ऱ्हायला खोलीबी दिलीया."

"शाब्बास माझ्या वाघिणी!" सरदारभाई ओरडले. फोन ठेवला आणि ओट्यावर मान खाली घालून बसून राहिले. पोर आता सणासुदीलाच घरी दिसायची.

जमीला चहा घेऊन आली. नवऱ्याकडं बघत म्हणाली, "आवं, डालगं आणू का?"

"आण," ते म्हणाले. "पण आपण दोघं मावू असं आण."