बाबांचे प्रश्न

तिसरीच्या बाईंच्या नाकावर राग कायमचाच बसलेला. त्या दिवशी कंत्राटदाराने तो चांगलाच डिवचला.

"वह्या पाहा हिच्या, कोऱ्या करकरीत," तो मोठ्या बाईंच्या टेबलावर हात आपटत म्हणाला. "गृहपाठ काय, तर म्हणे घरी जाऊन गोष्ट सांगा. शाळा आहे का गप्पांचा अड्डा?"

शेजारी त्याची लेक चिमी दप्तराचा पट्टा चघळत उभी होती.

बाईंची पद्धत साधी होती. शेवटच्या तासाला त्या पुस्तकातलं एक प्रकरण वाचायच्या. सुट्टीभर डोकं खाजवून त्यांनी ते पुस्तक निवडलं होतं, एका म्हातारीचं आणि तिने पाळलेल्या लबाड कोल्ह्याचं. मुलांनी ते प्रकरण घरी सांगायचं आणि घरच्यांनी विचारलेला एक प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्गात आणायचा. बस, एवढाच गृहपाठ. मोठ्या बाईंना तो पहिल्यापासून खुपत होता, त्यांना आज आयतं निमित्त मिळालं.

"उद्यापासून लेखी गृहपाठ द्या. वाचनाचा तास बंद," त्या म्हणाल्या.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो एक तास गेला तर या नोकरीत राहायचं तरी कशाला?

"कमाल आहे तुमची," त्या कंत्राटदाराला म्हणाल्या. "इथे तक्रार करता, आणि अख्ख्या वर्गात भारी प्रश्न येतात ते तुमचेच. कालच विचारलंत ना, कोल्हा खोटं बोलतो हे म्हातारीला कळतं, मग ती त्याला हाकलत का नाही? पोरं तासभर भांडली त्यावर."

"कोण कोल्हा? मी कशाला विचारू? मी घरी येतो तेव्हा ही झोपलेली असते."

बाईंनी चिमीकडे पाहिलं. रोज 'बाबांनी विचारलंय' म्हणत ऐटीत उभी राहणारी ही पोर. सगळे प्रश्न तिचेच होते तर. आता तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि डोळे नुसते विनवत होते.

एक वाक्य पुरलं असतं. बाप ऐकत नाही म्हणून लेक त्याच्या नावाने प्रश्न रचते, एवढं सांगितलं असतं तर कंत्राटदाराची वाचाच बसली असती आणि तासही वाचला असता. वाक्य जिभेवर आलं होतं. बाईंनी ते गिळलं. इतकं कडू त्यांनी आजवर काही गिळलं नव्हतं.

"माझी गल्लत झाली," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचे तरी बाबा असतील."

"घ्या. कोण कुणाचा बाप हेसुद्धा ठाऊक नाही, आणि चालल्या शिकवायला."

मोठ्या बाईंनी पुस्तक मागून घेतलं आणि कपाटात टाकून किल्ली फिरवली.

चिमी बापाचं बोट धरून निघाली. दारात तो थबकला.

"कसला गं तो कोल्हा?"

"काही नाही, बाबा," ती मागे न बघता म्हणाली. "बाईंचंच काहीतरी चुकलं."