टिटवीवर भरवसा

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. पट्टा दोनदा शिवलेला, डाव्या काचेत बुरशी. तरी नजर अजून शाबूत आहे. लोहाऱ्याकडच्या एका नदीकाठच्या अभयारण्यात वनरक्षक रेवणसिद्ध यांच्या गळ्यात मी अठरा वर्षं मिरवले. पाहुणे माझ्यातून शेकाट्या, चित्रबलाक असे पक्षी पाहत आणि माझं कौतुक करत. मीही फुशारून जाई. पुढे पाहुण्यांकडेच मोठाले कॅमेरे आले आणि मी चौकीतल्या खुंटीला लागले. मला फार वाईट वाटलं.

एका मे महिन्यात रेवणसिद्धांनी मला खाली काढलं. आमच्याकडे टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस ओळखतात. अंडी उंच काठावर असली तर पूर, पात्रात असली तर पाऊस बेताचा. त्यांनी पाहिलं, चारही अंडी पात्रातल्या वाळूत होती.

"यंदा पाणी लई न्हाय," ते म्हणाले. "शिबिराला येणाऱ्या शाळेच्या पोरांचे तंबू खाली पात्राजवळच लावू. पाखरं जवळून दिसतेल."

स्वयंपाक करणाऱ्या गिरिजाबाई म्हणाल्या, "सायब, टिटवीला वरी जागाच कुठं ऱ्हायली? काठ तर वाळूवाल्यांनी कोरून नेला."

"टिटवीला आपल्यापरीस जास्त कळतं. फिकीर करू नका."

कोरलेला काठ त्यांनीही माझ्यातूनच पाहिला होता. पण माणूस हवं तेवढंच बघतो. मला तेव्हापासून धास्ती लागली.

ऑगस्टमध्ये शाळेची चाळीस मुलं आली आणि तंबू खाली पात्राजवळ लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे थेंब नव्हता, नदीच्या वरच्या अंगाला मात्र आभाळ काळंनिळं झालं होतं. बगळे एकाएकी उठून गेले. किनारा गप्प झाला. गिरिजाबाईंनी चौकीतून मला डोळ्यांना लावलं. वळणावर गढूळ पाण्यात मुळासकट बाभळ वाहत येत होती.

त्यांच्या हाकेनं मुलं वर धावली. रेवणसिद्धांनी सगळ्यांना चढवलं, मग शेवटच्या तंबूत कुणी राहिलं का ते बघायला ते परत उतरले. आत कुणी नव्हतं. ते वळले तेव्हा पाणी कमरेला लागलं होतं. गिरिजाबाईंनी मला डोळ्यांवरून हलू दिलं नाही. रेवणसिद्धांचा चेहरा मला अगदी जवळून दिसत होता. मग तो दिसेनासा झाला.

मित्रांनो, नदीकाठी याल तेव्हा पाखरांच्या आधी काठ पाहा. तो कोरलेला दिसला तर मोठ्यांचंही ऐकू नका, खाली उतरू नका. मी दूरचं जवळ आणते, एवढंच. हात देणं मला जमत नाही.