जिभेवरची साखर

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर मखमली खुर्चीत साखरबाबा आणि पुढ्यात मधुमेह्यांची रांग. बाबा प्रत्येकाला एक हिरवं पान चघळायला देत, मग जिभेवर चिमूटभर साखर ठेवत.

"गोड लागते?"

"नाही बाबा! वाळू खाल्ल्यासारखं वाटतंय!"

"अंगातली साखर मेली, तिथे जिभेवरची काय जगणार? फेका त्या सुया!"

टाळ्यांचा कडकडाट! इन्सुलिनच्या सुयांनी बादली भरली. त्यात माझ्या वहिनीच्याही होत्या. शिवणकाम करून घर चालवणारी ही बाई रोजच्या टोचण्याला विटली होती. मी अडवलं, तर म्हणाली, "भावोजी, टोचून मला घ्यावं लागतं, तुम्हाला नाही."

आठवडा उलटायच्या आत ती मशीनवरच कोसळली. दवाखान्यात शुद्धीवर आली, तशा डॉक्टरीणबाई कडाडल्या, "त्या भोंदूवर विश्वास ठेवलातच कसा?"

"त्यानं विचारलं, कसं वाटतंय म्हणून. तुम्ही फक्त रिपोर्ट बघता."

बाई स्टूल ओढून बसल्या. "खरंय तुमचं. आता सांगा, त्या पानाची परीक्षा कशी घ्यायची?"

वहिनीला विचार करावा लागला नाही. "ज्याला मधुमेहच नाही, त्याला चघळायला द्या की!"

बाबांच्या पुढच्या बैठकीला डॉक्टरीणबाईंसह आम्ही तिघंही रांगेत. मी धडधाकट, तरी पान चघळल्यावर साखर बेचव! वहिनीने सगळ्यांसमोर पानाआधी आणि नंतर स्वतःचं रक्त तपासलं. रक्तातली साखर जिथल्या तिथे.

"बाबा, आता तुम्हीही चघळा!"

बाबा मखमली खुर्ची मागे सरकवू लागले.

"हे पान थोडा वेळ जिभेला गोड कळू देत नाही," बाईंनी सांगितलं. "बाकी चमत्कार काही नाही."

"डोळे मिटले म्हणून समोरचा खड्डा बुजतो का?" वहिनी गर्जली. लोक आपापल्या सुया शोधू लागले, तोवर बाबा मागच्या दाराने पसार!

आता त्या दवाखान्यात संशोधनाचा विषय ठरवताना मधुमेही बरोबरीने बसतात. वहिनीचा पहिलाच प्रश्न होता, "कामाच्या घाईत जेवण चुकलं, तर इन्सुलिनचं काय करायचं?" बाईंनी कबूल केलं, हा प्रश्न त्यांना कधी सुचलाच नव्हता.

मंडळी, औषध आपल्या अंगात जातं, तर प्रश्नही आपणच विचारायला हवेत. बाबाला विचारा, डॉक्टरलाही विचारा. जो चिडून पळेल, त्याच्या हातचं पानसुद्धा खाऊ नका.