नात्यातली केस

"जवळचं कोणी?" ताईंनी विचारलं.

"कोणी नाही." मोडका पाय स्टुलावर टाकून घरात एकटाच बसलेला म्हातारा कण्हत म्हणाला. "मुलगा गेला. सून होती एक, भवानी. हाकलली तिला."

ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. ती सून म्हणजे त्याच. नवरा गेला त्याच महिन्यात या माणसाने त्यांना जिन्यात उभं करून शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओरडून सांगितलं होतं, "ही आमची कोणी लागत नाही!" तेव्हा पोटात पोर होतं. ते पुढे राहिलं नाही.

आता मोतीबिंदूने म्हाताऱ्याला समोरचं धड दिसत नव्हतं. सकाळी संस्थेत मदतीच्या अर्जावर त्याचं नाव वाचलं तेव्हाच ताईंनी सांगायला हवं होतं. नात्यातली केस दुसऱ्या कार्यकर्तीकडे द्यायची, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम. नव्या मुलींना त्या स्वतःच तो शिकवत. पण आज त्या गप्प बसल्या. म्हाताऱ्याची दैना डोळे भरून बघायची होती.

"निवाऱ्यात खाट मिळेल ना, ताई?"

"एकच रिकामी आहे. आज माझी शिफारस गेली तर तुमची." त्या पुढे वाकल्या. "आवाज ओळखला नाहीत, मामंजी?"

म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. "तू?"

"मीच. नातं असेल तर मला शिफारस करता येत नाही. आता सांगा, मी तुमची कोण लागते?"

म्हातारा पक्का हिशेबी. "कोणी नाही! देवाशपथ, कोणी नाही!"

या वेळी तरी जीभ अडखळेल असं ताईंना वाटलं होतं. कसलं काय! त्यांनी तिथेच फोन लावला.

"मॅडम, ही केस माझ्याकडून काढून घ्या. सासरे आहेत माझे... हो, सकाळीच सांगायला हवं होतं. चुकलं, मेमो द्या... खाट? दुसरी कार्यकर्ती इथे येऊन बघेपर्यंत ती थोडीच थांबणार? देऊन टाका कुणाला तरी."

बरं वाटलं त्यांना. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. नियमाने वागण्यात एवढं सुख असतं हे इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं.

त्या उठल्या तसा म्हातारा रडकुंडीला आला. "सूनबाई, निदान पाणी तरी दे गं."

सूनबाई! नांदत होत्या तेव्हासुद्धा त्याने कधी अशी हाक मारली नव्हती.

त्यांनी आतून भांडंभर पाणी आणलं. त्याच्या ओठांना लावून घोटघोट पाजलं.

"ताई म्हणा," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या हनुवटीवर ओघळलेलं पाणी पुसलं.