जावईबापूंच्या हाती दिलेली व्हॅन

मी एक जुनी प्रवासी व्हॅन आहे आणि मित्रांनो, मला राग आलेला आहे. गाड्यांच्या गोष्टी सहसा गोड असतात. माझी तशी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. एका गॅरेजवाल्याने मला सहलींना भाड्याने द्यायला विकत घेतले. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. चढावर मी धापा टाकत नसे, आणि माझी पायरी म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांना सोसेल एवढीच उंच होती. मला वाटे, ही सगळी माणसे आपलीच.

हळूहळू समजले की मी कुणाचीच नाही. कुणी सीटच्या फटीत केळ्याची साले कोंबली, कुणी काचेला च्युइंगगम चिकटवले. खड्ड्यात दाणकन आदळले की आतून हसू ऐकू येई, "जाऊ दे रे, भाड्याचीच आहे!" हे वाक्य ऐकले की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तुमची पोरे, तुमचे सामान, तुमचे प्राण माझ्या पोटात असतात, तेव्हा मी भाड्याची कशी, हे मला एकदा कुणीतरी समजावून सांगावे.

पण खरा राग आहे तो त्या एका सहलीचा. मोठे कुटुंब होते. आई-वडील, लेकी, धाकटा मुलगा, नातवंडे, आणि थोरले जावई. गॅरेजवाल्याने चावी देताना बजावले, "उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा. न्यूट्रल अजिबात करू नका." धाकट्याने चावी घ्यायला हात पुढे केला, तोच वडिलांनी ती उचलून जावयांच्या हातात ठेवली. "जावईबापू असताना तू कशाला?" झाले! कुणाला गाडी चांगली येते, हे कुणी विचारलेच नाही. घरची गाडी रोज थोरली लेक चालवत असे. तिच्या हाताची सफाई मी गॅरेजच्या अंगणातच पाहिली होती. मला वळवून रस्त्याला तिनेच लावले आणि मग निमूटपणे शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

सपाट रस्त्यावर सगळे ठीक चालले. जावईबापू एका हाताने स्टिअरिंग धरत आणि दुसऱ्या हाताने डोंगर दाखवत. मग घाटमाथा आला, उतार सुरू झाला आणि या गृहस्थांनी मला न्यूट्रलला टाकले.

"इंजिनाला जरा आराम," ते म्हणाले.

"वा! हे आम्हाला सुचलंच नसतं," सासरे म्हणाले.

माझ्या आरामाची केवढी ही काळजी! मित्रांनो, उतारावर इंजिन मला मागे ओढून धरते. ते सोडले की सगळा भार ब्रेकवर. जावईबापूंचा पाय ब्रेकवरून हलेना. वळणामागून वळण येत होते आणि माझी चाके तापत होती. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, माझी तर चाकांतूनच वर चढत होती.

"काहीतरी जळकट वास येतोय का गं?" सासूबाईंनी विचारले.

"बाहेर कुणीतरी कचरा जाळत असेल," धाकटा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. त्याला सगळे कळत होते! पण मूग गिळून बसला.

थोरली लेक हळूच म्हणाली, "अहो, गिअरमध्ये घेता का?"

"तू गाणं लाव," जावईबापू म्हणाले.

तिने गाणे लावले. त्या क्षणी मला तिचाही संताप आला.

पुढच्या वळणाला ब्रेकचा पेडल तळाला टेकला आणि मी थांबले नाही. आतले गाणे चालूच होते. डाव्या हाताला दरी होती. जावईबापू नुसतेच पेडल हाणत राहिले.

"क्लच दाबा! दाबा क्लच!" लेक ओरडली. तिने स्वतः गिअरचा दांडा धरून तिसऱ्यात ढकलला, मग दुसऱ्यात. माझे इंजिन किंचाळले. तिने एका हाताने हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला फिरवले. मी खडीच्या ढिगात घुसले. माझा आरसा गेला, दार चेपले, पण मी थांबले. माणसे रडत, धडपडत खाली उतरली. कुणाला खरचटलेही नव्हते.

आणि मग सासरे काय म्हणाले असतील?

"जावईबापू, तुम्ही होता म्हणून वाचलो!"

जावईबापूंनी मला लाथ घातली. "बंडल गाडी दिलीय त्यानं. ब्रेकच नाहीत हिला!"

लेकीने हात पुढे केला. "चावी द्या."

"अगं, सगळ्यांसमोर असं काय बोलतेस?" आई कुजबुजली.

"आई, सगळेच होतो ना आत?"

तिने जावईबापूंच्या हातातून चावी काढून घेतली. ब्रेक गार होईपर्यंत तिने कुणाला आत बसू दिले नाही. मग ब्रेक दोनदा तपासून मला दुसऱ्या गिअरमध्ये घाटाखाली नेले. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. जावईबापू शेवटच्या सीटवर तोंड फुगवून बसले होते.

मित्रांनो, गाडी कुणाचीही असो, तिला जपा. निघण्याआधी टायर बघा, ब्रेक बघा. पण एवढ्याने माझा राग शांत होणार नाही. वास आतल्या सगळ्यांना येत होता. मला तोंड असते तर मी पहिल्याच वळणावर ओरडले असते. तुम्हाला तोंड आहे. चालवणारा जावई असो, साहेब असो, नाहीतर तुमचे स्वतःचे बाबा असोत, ‘गाडी थांबवा’ म्हणा आणि मोठ्याने म्हणा. त्यांना राग येईल, येऊ द्या. रुसलेला माणूस निदान संध्याकाळी जेवायला घरी तरी येतो.