खात्रीचा आकडा

सीमेवर आलेला निळा घोडेस्वार लगेच परत फिरत नाही. आधी तो थांबतो, घोडा एकदा मान खाली घालतो, आणि मगच वळतो. दुसऱ्या कुठल्याही रंगाचा स्वार असा थांबत नाही. हे मी राजसीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, टेस्टिंगच्या अख्ख्या टीममध्ये हे कुणाला दिसलं नाही. तू रिटायर कशाला झालीस गं?"

राजसी माझ्या भावाची मुलगी. कॉम्प्युटरवरच्या युद्धाच्या खेळांत समोरून मशीनचे जे राजे खेळतात, त्यांचे स्वभाव ठरवायचं काम ती करते. मांजर्लीत तिच्या घरी वीज गेली की लॅपटॉप घेऊन ती अंबरनाथला माझ्याकडे येते आणि मला खेळायला बसवते. माझी सगळी नोकरी केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये गेली, त्यामुळे मी बारकाईने बघते असं तिचं म्हणणं. मलाही ते बरं वाटतं. खेळत असताना फुग्याची आठवण जरा कमी होते.

फुगा हा डॉक्टरांचा शब्द. माझ्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीची भिंत पातळ होऊन तिथे फुगवटा आला आहे. चक्कर आली म्हणून स्कॅन काढला, त्यात सापडला. पुढच्या स्कॅनमध्ये तो वाढलेला दिसला. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, ठाण्याच्यांनी सांगितलं, मुंबईच्यांनीही तेच सांगितलं. तिघांनाही मी म्हणाले, "एकदा परत स्कॅन करून बघू या."

लॅबमध्ये शंका असलेल्या मालावर आम्ही 'होल्ड'चं पिवळं लेबल लावायचो आणि नमुना पुन्हा तपासायचो. त्यात चूक काहीच नव्हती. ड्रम गोदामात पडून राहायचा, त्याचं काही बिघडत नव्हतं.

हल्ली मी वाकून बादली उचलत नाही. शिंक येतेय असं वाटलं की भिंत धरते. डोकं जरा दुखलं तरी हातातलं काम ठेवून बसते आणि वाट बघते. ऑपरेशनची भीती वेगळी आहे. मी शुद्धीवर येईन, राजसी समोर उभी असेल, आणि तिला काय म्हणायचं तेच मला सुचणार नाही.

त्या दुपारी खेळात माझ्यासमोर निळा आणि लाल असे दोन राजे होते. निळ्याचं सैन्य माझ्या तिप्पट. तरी तो हल्ला करेना. म्हणून मी एक प्रयोग केला. किल्ल्याचा दरवाजा उघडा टाकला आणि सगळे सैनिक मागे घेतले. निळ्याचा स्वार आला, थांबला, बघून परत गेला. मग दुसरा स्वार आला. मग तिसरा.

"ह्याला दिसत नाही का?" मी विचारलं.

"दिसतं की. अक्कल सगळ्या राजांची सारखीच असते, आत्या. हिशोबही सारखाच. फरक एवढाच, की पाऊल उचलायला कुणाला किती खात्री लागते. तापट राजाला शंभरात पन्नास बास होते."

"आणि ह्याला?"

"नव्याण्णव."

मी थोडा विचार केला. "पण स्वार परत पोचेपर्यंत बातमी शिळी होत असेल ना?"

"करेक्ट! बातमी शिळी झाली की खात्री उतरते. म्हणजे नव्याण्णव कधी भरतच नाही. मग पाठव परत स्वार." ती हसली. "बिचाऱ्याचा खजिना बघ, फुल आहे. एक पैसा खर्च करत नाही."

नकाशाच्या दुसऱ्या टोकाला लाल रंग मात्र सरकत होता. दर खेपेला जेमतेम एक घर. निळ्याच्या हद्दीत तो शिरला तेव्हा निळ्याने तिकडेही स्वार पाठवला.

"लाल तापट आहे?"

"छे. सगळ्यात थंड तोच. त्याचं कुणाशी वैर नाही. त्याला फक्त वाढायचं असतं."

माझी मान आखडली. माझ्या चाली सोडून देत मी नुसती बघत राहिले. लाल रंग निळ्याच्या राजधानीला भिडला. निळ्याचं सैन्य शाबूत होतं, खजिना भरलेला होता. तेवढ्यात माझ्या सीमेवर निळ्याचा आणखी एक स्वार आला. घोड्याने मान खाली घातली. तो वळला तेव्हा त्याच्यामागची राजधानी लाल झाली होती.

"बंद कर ते," मी म्हणाले.

"काय झालं? डोकं दुखतंय का?"

"ह्याचा स्वभाव कुणी ठरवला?"

राजसी नखं बघायला लागली. "चिडणार नाहीस ना? तुझे आधीचे सगळे डाव सेव्ह होते. ते मशीनला शिकायला दिले. हे आकडे त्यातून निघाले. ऑफिसात पोरं त्याला फट्टू म्हणतात, म्हणजे भित्रा. मी नाही हां म्हणत! माझ्या फाइलमध्ये त्याचं नाव आत्या आहे."

मला हसू यायला हवं होतं. पण मी स्क्रीनवरच्या लाल झालेल्या राजधानीकडे बघत राहिले.

"मी काही तुला शिकवायला नाही केलं गं," ती हळूच म्हणाली. "खरंच. पण तो असा हरायला लागला ना, तेव्हापासून मला झोप नाही."

फोन वाजला. उल्हासनगरच्या स्कॅन सेंटरचा नंबर होता. राजसीने तो बघितला आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, नमस्ते. सोमवार को आपका स्कॅन है ना? कन्फर्म कर दूँ?"

हो म्हणणं किती सोपं होतं. अजून एक रिपोर्ट, अजून थोडे दिवस. राजसी माझ्याकडे बघत होती.

"मॅडम? हॅलो? कन्फर्म करूँ?"

"नको," मी म्हणाले. "स्कॅन नको. मी ऑपरेशन करून घेणार आहे."